पहिला उतरणारा

१२ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र गच्चीवर उभ्याउभ्याच वाचलं. इस्पितळाच्या धुलाईखात्यात बसायला जागा नसते, आणि असली तरी आमची मोठी बाई बसू देत नाही. वाळत घातलेल्या चादरींच्या रांगेत घुसून वाचलं आणि एकटीच हसले. तुला तिथे सगळे 'लकी' म्हणतात! आपल्या घराण्यात असं कुणी निघेल असं वाटलं नव्हतं.

त्या अपघाताबद्दल तू पहिल्यांदाच नीट लिहिलंस. टाकीतल्या वायूने तुमच्या टोळीचे म्हातारे काका गेले, आणखी दोघे गेले आणि तू तेवढा वर आलास. तेव्हापासून कुठल्याही कारखान्याची टाकी साफ करायची असली की तुझ्याआधी कुणी आत पाय टाकत नाही. तू शिडीने खाली जायचं, वास घ्यायचा, फेरी मारून वर यायचं आणि चहा मागायचा. तू चहा मागितलास की मगच बाकीचे उतरतात. ही तुमची पद्धत मी इथल्या सगळ्या बायकांना रंगवून सांगितली. एकीने विचारलं, तुझ्या भावाचं लग्न झालंय का. मी म्हटलं, नशीबवान आहे म्हणून सांगितलं ना, मग कसं झालं असेल?

काकांनी तुला कामाला घेतलं तेही आठवलं. शाळेच्या फाटकात उभं राहून तू सांगायचास, आईने आज काय शिजवलंय आणि ते किती लागलंय. काका म्हणाले होते ना, हे पोरगं नाकाने बघतं, याला टाकीवर घ्या. आता त्या नाकाला नशिबाची जोड मिळाली.

इथलं सांगायचं तर यांचा कारखाना बंद झाला. हे लागल्यापासून बंद पडलेला हा तिसरा. गल्लीत यांना आता 'कुलूप' म्हणतात. जिथे जातील तिथे कुलूप लागतं म्हणून. परवा दुकानदार यांना म्हणाला, भाऊ, सामान घेतलंत ना, मग इथे फार वेळ उभे राहू नका. हसत म्हणाला, पण म्हणाला. हे घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मुलगी पाठीवर चढून घोडाघोडा करत होती तरी वळले नाहीत.

दादा, यांना तुझ्या टोळीत घे. तुझ्याजवळ असले की मला घोर नाही. तुझ्या नशिबातलं थोडं यांनाही लागू दे. एवढं मागणं मागते.

तुझी,
चिमी


२४ नोव्हेंबर

चिमे,

नवरा असा पार्सलने पाठवतात होय? निदान लिहायचं तरी, काचेचा माल आहे, सांभाळून उतरवा.

थट्टा राहू दे. भावोजी इथे नकोत असं मी म्हणत नाही, पण हे काम त्यांचं नाही. त्यांचा हात लेथवर बसलेला, केसाएवढं माप चुकायचं नाही असा माणूस. इथे काय आहे? गुडघाभर गाळ, फावडं आणि बादली. कपडे कितीही धुतले तरी पिवळेच राहतात. राहायचं म्हणशील तर आम्ही सहा जण एका खोलीत. खिडकी एक आहे, ती उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागते. पाणी येतं तेव्हा आम्ही कामावर असतो आणि आम्ही असतो तेव्हा पाणी गेलेलं असतं. त्यांना जरा धीर धरायला सांग. मिळेल काहीतरी.

लकीचं तू फार मनावर घेऊ नकोस. मुकादमाला ते सोयीचं आहे. नवीन काम धरताना तो साहेबांना सांगतो, आमच्याकडे लकी आहे, आमच्याकडे अपघात होत नाही. टाकीत वायू किती आहे ते मोजायचं एक यंत्र असतं, ते त्याच्या कपाटात पडलंय. बॅटरी गेलीय. नवी आणायची कुणालाच आठवण होत नाही. मी आहे ना.

परवा खोलीवर गंमत झाली. दूध तापत ठेवलं आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलो. शेजारची बाई दार बडवत आली. म्हणाली, अख्खा जिना जळक्या वासाने भरलाय, तुम्ही काय समाधी लावून बसलाय की काय? बघतो तर दूध आटून भांडं काळंठिक्कर. मी म्हटलं, बातमीच तशी होती. ती काही हसली नाही. भांडं अजून घासतोय.

मुलीला पापा. भावोजींना नमस्कार सांग.

दादा


३ डिसेंबर

दादा,

पत्र मिळालं. कळायचं ते कळलं.

एवढी कारणं कशाला शोधलीस? गाळ आहे, पाणी नाही, खिडकीला भिंत लागते. सरळ लिहायचं होतंस, कुलूप नको म्हणून. तुझ्या नशिबावर यांची सावली पडेल अशी भीती वाटते का तुला? दुकानदाराला वाटली ते समजू शकते. तो परका आहे.

आई गेली तेव्हा घरात कुणीतरी राहायला हवं म्हणून मी शाळा सोडली आणि तू शिकलास. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, आजही दाखवत नाहीये. आज फक्त एक गोष्ट मागितली, तर तू मला जळलेल्या दुधाची गंमत सांगतोस.

काल हे सकाळी घराबाहेर पडले ते दिवे लागल्यावर आले. कुठे होतात म्हणून विचारलं तर म्हणाले, पुलावर उभा होतो. दिवसभर पुलावर उभं राहून काय करत होतात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दादा, मला फार भीती वाटते.

चिमी


१२ डिसेंबर

चिमे,

त्यांना लगेच पाठव. पुलाचं वाचलं. तू मला आणखी चार शब्द सुनावले असतेस तरी चाललं असतं.

मी मुकादमाशी बोललोय. भावोजी वरच राहतील, टाकीच्या तोंडाशी, बादल्या ओढायला. खाली उतरायचं नाही हे मी सांगेनच, तूही बजावून पाठव. का ते विचारू नकोस. सावलीबिवलीचं जे लिहिलंस ते डोक्यातून काढून टाक, असलं काही माझ्या मनात कधी येईल का?

दादा


८ जानेवारी

ऐकतेस ना,

मी सुखरूप पोहोचलो, कामालाही लागलो. लिहायला उशीर झाला. इथे आल्या आल्या अंग इतकं दुखायचं की पेन धरवत नव्हतं. आता सवय झाली.

वाटेत एक घोळ झाला. गाडीत एकाचा रॉकेलचा डबा कलंडला आणि तू दादांसाठी विणलेला स्वेटर पार भिजला. नंतर वाळला, पण वास असा की डब्यातली माणसं माझ्यापासून लांब सरकून बसली. मला तो त्यांना द्यायचीच लाज वाटत होती. पण दादांचं मन बघ किती मोठं. त्यांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, घरचा वास येतोय. लगेच अंगात घातला. दिवसभर काढला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून एवढं कोण करतं?

त्यांचा मान इथे काय आहे ते बघायला तू हवी होतीस. टाकीच्या तोंडाभोवती सगळे उभे राहतात. एरवी लांब्या नावाचा एक उंच गडी आहे, त्याचं तोंड क्षणभर बंद नसतं, तोसुद्धा गप्प असतो. दादा एकटे खाली जातात. कुणी हलत नाही. मग त्यांचं डोकं वर दिसतं, ते काठावर पाय टेकतात आणि म्हणतात, "चहा आणा रे." लगेच सगळे बोलायला लागतात, हसायला लागतात, आणि एकेक जण उतरतो.

आधी मी वर बादल्याच ओढत होतो. पण खाली माणूस कमी पडतो म्हणून मुकादम मागे लागला होता. दादा नको म्हणत होते, तूही बजावलं होतंस. पण मी कालपासून उतरतोय. दादांनी चहा मागितल्यावर भीती कसली? वर बसून राहायचं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं.

इथे मला कुलूप कुणी म्हणत नाही. लकीचे भावोजी म्हणतात. हे ऐकायला किती बरं वाटतं ते तुला कसं सांगू?

मुलीला सांग, बाबा घोडा होतील, आल्यावर.

तुझा


१७ जानेवारी

दादा,

मी एकच विचारते आणि तू खरं सांग. तुला वास येतो का?

यांचं पत्र मी तीनदा वाचलं. यांना वाटतंय तुझं मन मोठं. तुझं मन मोठं आहेच, पण तू रॉकेलने भिजलेला स्वेटर नाकाशी धरून घरचा वास येतोय म्हणालास. मग मला तुझं ते दूध आठवलं. अख्ख्या जिन्याला वास आला आणि भांड्याशेजारी बसलेल्या तुला आला नाही. तुला, दादा. ज्याला शाळेतून आईची फोडणी कळायची. मी तेव्हा रागात होते म्हणून मला दिसलं नाही. डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी मी तुझ्याशी भांडत बसले.

त्या अपघातात गेलं ना तुझं नाक? आणि तू कुणालाच सांगितलं नाहीस. वास न येणारा माणूस खाली जाऊन वास घेतो, वर येऊन चहा मागतो, आणि त्याच्या भरवशावर सगळे उतरतात. आता त्यांच्यात माझा नवरा आहे. मीच हट्टाने पाठवलेला.

आमच्या वॉर्डात खिडकीजवळ एक खाट आहे. उजेड, वारा, बाहेरचं झाड. ती मिळाली की बाकीचे रोगी म्हणतात, नशीब काढलंस बाबा. धुलाईला सगळ्यात जास्त चादरी त्याच खाटेवरच्या येतात. डॉक्टरांना जो फार दिवसांचा वाटत नाही, त्यालाच ती देतात, शेवटी जरा बाहेर बघू दे म्हणून. रोग्यांना हे माहीत नसतं. आम्हाला असतं, आणि आम्ही बोलत नाही. तुझ्याबद्दल 'लकी' वाचून हसले तेव्हा मला ती खाट कशी आठवली नाही?

सांगून टाक सगळ्यांना. लाज वाटेल, मुकादम ओरडेल, काढून टाकेल. टाकू दे. इथे ये, दोघं मिळून काहीतरी करू. आणि सांगायच्या आत उतरावंच लागलं तर निदान कमरेला दोर बांध आणि दुसरं टोक यांच्या हातात दे. दोर धरलेला माणूस खाली उतरत नाही ना? म्हणूनच यांच्या हातात दे. यात माझा स्वार्थ आहे, तुझ्यापासून लपवत नाही.

यांना वेगळं पत्र लिहून उतरू नका म्हटलंय. कारण लिहिलं नाही. ते तू सांगायचं आहेस.

चिमी


२९ जानेवारी

चिमे,

नाही येत. त्या दिवसापासून काहीच येत नाही. जेवण म्हणजे नुसतं गार किंवा गरम. स्वेटर नाकाशी धरला तेव्हा मला खरंच वाटलं की येतोय. निदान यावा असं फार वाटलं.

एवढं विचारलंस तर बाकीचंही ऐक. मी वाचलो ते नशिबाने नाही. खाली आम्ही चौघं होतो. दोघे पडले, तसे काका ओरडले, वर पळ. मी शिडीवर चढलो आणि मध्येच माझे हात सुटायला लागले. काका माझ्या खाली होते. त्यांनी माझ्या बुडाखाली खांदा लावला आणि मला वर रेटलं. शिव्या देत रेटलं. वरच्यांनी माझे दंड धरून मला ओढलं. काका तिथून परत खाली घसरले. त्या म्हाताऱ्याने मला रेटण्यात जो दम घालवला, तो स्वतःसाठी ठेवला असता तर कदाचित आज काका असते आणि मी नसतो. मला शुद्ध आली तेव्हा सगळे म्हणत होते, याचं नशीब बघा. मी काकांचं सांगणार होतो. मग बघितलं, सगळ्यांना मला नशीबवानच करायचं होतं. त्यांना परत टाकीत उतरायचं होतं ना, काहीतरी धरायला हवं होतं. मी गप्प बसलो. आणि मग मलाही ते बरं वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू?

मी फेरीसुद्धा मारत नाही, चिमे. भीती वाटते. वरून दिसेनासा होईपर्यंत उतरतो, शिडीला धरून काळोखात थोडा उभा राहतो आणि वर येऊन चहा मागतो. आजवर काही झालं नाही, म्हणून झालं नाही.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी खोलीवर सगळ्यांसमोर सांगितलं. नाक गेलंय, मला काही कळत नाही, माझ्या भरवशावर उतरू नका. तर लांब्या म्हणाला, "म्हणजे बिननाकाचा इतके दिवस जगलास? अरे, मग तर तू आम्हाला वाटला त्याहून लकी निघालास." आणि सगळे पोट धरून हसले. आमच्या टोळीतल्या वेल्डरने माझ्या पाठीवर थाप मारली. मला रडू येत होतं आणि ते हसत होते. भावोजी तेवढे हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले.

मुकादमाकडे यंत्र मागितलं. म्हणाला, ही टाकी होऊ दे, मग बॅटरी आणू. मी म्हटलं, मग मी उतरत नाही. तर लांब्या म्हणाला, तू बस, मी जातो पहिला. तो जाईल, त्याला मी ओळखतो. खाली जाऊन गाणं म्हणेल. म्हणून ही एवढी टाकी मी करतो. ती झाली की फाटकावर राखणीला बसायचं, तसं मुकादमाकडून कबूल करून घेतलंय. या वेळी मी खरंच खाली जाईन, कोपऱ्यापर्यंत. नाक नसलं तरी डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, ते मला माहीत आहे. पुरेसा वेळ थांबेन आणि खात्री पटल्याशिवाय चहा मागणार नाही.

दोर आणलाय. चांगला जाड आहे. भावोजींना कसा धरायचा ते शिकवलंय. ते वरच राहतील.

तुला राग आलेला असेल. आल्यावर बोल हवं तेवढं. मी ऐकून घेईन.

दादा


१४ मार्च

ऐकतेस ना,

तू इथे होतीस तेव्हा तुझ्याशी धड बोलता आलं नाही. मुकादम सारखा बरोबर होता, आणि तू कुणाशीच बोलत नव्हतीस. दादांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस, ते अजून डोळ्यांसमोर आहे. ते सगळं कसं झालं हे मी तुला सांगायला हवं होतं. आज लिहितो.

दादांनी दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला वेढे घालून दिलं. म्हणाले, "भावोजी, काही झालं तरी हे सोडून खाली यायचं नाही. चिमीची शपथ आहे." लांब्याने थट्टा केली, आज लकीला दावं बांधलं म्हणून. दादा हसले आणि उतरले. नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. वेल्डर वरून ओरडला, लकी, चहा गार होतोय. खालून दादांचा आवाज आला, थांब जरा. तो शेवटचा.

मग दोर जड झाला. मी ओढला. थोडा आला आणि अडला. दादा शिडीच्या खाली अडकले होते. मी ओरडलो तसा लांब्या उतरला, त्यांना सोडवायला. मग वेल्डर उतरला. चहा मागितला नव्हता, तरी उतरले. कुणी काही विचारच केला नाही. दोर माझ्या मनगटात रुतला होता. मला वाटत होतं, सोडावा आणि आपणही जावं. पण सोडला तर दादा खाली पडतील असं वाटत होतं. म्हणून धरून राहिलो. तिघांना बाहेर काढलं तेव्हा कुणातच काही उरलं नव्हतं.

आता दुसरं. तू चिडू नकोस, नीट वाच. तू गेल्यावर टोळी बसून होती. कुणी कामाला तयार नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, तोंडाशी तिघे होते, दोघे गेले, हा राहिला. दादांचं नशीब जाता जाता याच्याकडे आलं. तेव्हापासून ते मला लकी म्हणायला लागलेत. मी आधी कानावर हात ठेवले. पण त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. नवीन माणसं आलीत, तीही माझ्याशी दबकून बोलतात, मला आधी पाणी देतात.

पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या कारखान्याची टाकी आहे. मी पहिला उतरणार. दादांचे गमबूट मुकादमाने मला दिले. मोठे होतात, पुढे कागद कोंबलाय. दादांना वास येत नव्हता, मला येतो, मग काळजी कसली? यंत्राची बॅटरीही आणू असं मुकादम म्हणतो. आणि मला फार वेळ खाली थांबायचंच नाही. जायचं, यायचं आणि चहा मागायचा.

आयुष्यभर मी कुलूप ऐकलं. आता कुणीतरी मला बघून बरं वाटून घेतं. तिकडे परत येऊन मला पुलावर उभं राहायचं नाही. तू समजून घेशील.

तुझा


२० मार्च

अहो,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी मुलीला शेजारी धाडलं. मग बसून लिहायला घेतलं.

तुम्हाला कुणी कुलूप म्हणू नये म्हणून मी दादाला टोचून टोचून पत्रं लिहिली. त्याला तुम्ही तिथे नको होतात, मला तो गर्व वाटला. मी हट्ट केला नसता तर तुम्ही तिथे गेला नसतात. मी सांगायला लावलं नसतं तर तो शिडीवरूनच परत आला असता, आणि मग कधीतरी दुसरेच मेले असते. कुठूनही मोजलं तरी हिशेब माझ्याकडेच येतो. तो मी मरेपर्यंत करत बसणार आहे. त्यात तुमची भर घालू नका.

तुम्ही म्हणता दादाला वास येत नव्हता आणि तुम्हाला येतो. काकांना येत होता. टोळीत त्यांच्यासारखं नाक नव्हतं म्हणतात. काका गेले, दादा गेला. टाकीला नाक कळत नाही.

दादाने शेवटच्या पत्रात मला एक सांगितलं होतं, ते तुम्हाला माहीत नाही. तो त्या वेळी नशिबाने वाचला नव्हता. शिडीवर त्याचे हात सुटत होते तेव्हा काकांनी खालून खांदा लावून त्याला वर रेटलं आणि ते स्वतः खाली पडले. सगळ्यांनी वर आलेला दादा पाहिला, खालचा खांदा कुणी पाहिला नाही. आणि तुम्ही? तो दोर तुमच्या हातात कसा आला? तो मी पत्रात लिहिला होता. दादाने विकत आणला, तुमच्या मनगटाला बांधला, वर माझी शपथ घातली. यात नशीब कुठे आहे ते मला दाखवा. दोन्ही वेळा कुणीतरी खाली राहिलं, आणि वर राहिलेल्याला टोळीने लकी केलं, म्हणजे उद्या परत उतरता येतं.

तुमचं नशीब होतंच, मी नाही म्हणत नाही. दादा होता तुमचं नशीब. तो संपला. आता सोमवारी तुमच्या कमरेचा दोर कोण धरणार आहे? मुकादम?

तुम्हाला बघून त्यांना बरं वाटतं म्हणता. मला कळतं हो. दुकानदाराने हाकलल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात, ते मी पाहिलंय. तुम्हाला कुणी पाणी आधी दिलं तर मला आनंद होईल, पण असं नको. ती नवीन माणसं तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहतील. त्यांच्याही घरून कुणीतरी 'तुझ्याजवळ असले की घोर नाही' असं लिहून पाठवलेलं असेल.

घरी या. इथे तुम्हाला कुलूप म्हणतील, म्हणू देत. मी कुलपाशी संसार केलाय, लकीशी मला करायचा नाही.

मोठ्या बाईने रजा दिली नाही तरी मी मुलीला घेऊन निघतेय. पण आमची गाडी सोमवारी दुपारी पोहोचते आणि तुमचं काम सकाळी सुरू होतं. म्हणून हे पत्र इस्पितळाच्या ट्रकवाल्याजवळ देते. तो तिकडेच औषधं आणायला चाललाय, पहाटे फाटकावर तुमच्या हातात देईल. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही असं त्याला सांगितलंय.

उतरू नका. दादाचे गमबूट काढा आणि फाटकाबाहेर येऊन बसा. आणि माझं ऐकलं नाहीतच, उतरलातच, तर वर आल्यावर काठावर गप्प उभे राहा. ती सगळी माणसं तुमच्याकडे बघत असतील. मी येईपर्यंत चहा मागू नका.

चिमी